मान खाली घालताना

मैत्रिणींनो, आपल्या अंकात मारहाणीबद्दल, पोटगीबद्दल, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल आपण पुष्कळ लिहितो. मी आज मानेबद्दल लिहिणार आहे. मानसन्मानाबद्दल नव्हे, डोकं धडावर धरून ठेवणाऱ्या हाडामांसाच्या मानेबद्दल. गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाली, ‘ताई, हे दवाखान्याचं झालं. यात बाईचा प्रश्न कुठे आला?’ त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मी सातपूरला राहते. एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात स्विचचे सुटे भाग जुळवायचं काम मी बरीच वर्षं केलं, तेही ठेकेदारामार्फत. आठ तास मान खाली आणि चिमटीत बारीक स्क्रू. पस्तिशीत असताना सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडायला लागली. बोटांची मुळं सुजायची, मनगटं सुजायची. कणीक मळायला बसले तर तास-दीड तास मूठ वळायची नाही. वर्षभर ‘कामानं दुखतंय’ म्हणून ढकललं. मग रक्त तपासलं आणि कळलं की हा आमवात आहे. डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

त्यानंतर अकरा वर्षांनी, दिवाळीच्या पाडव्याला, सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. हनुवटी छातीला टेकली आणि मानेतून पाठीच्या कण्यावरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज उतरली. मान वर केली तशी ती गेली. सासूबाईंनी विचारलं, ‘काय गं, काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही आई, चमक आली.’

चमक! आपल्या भाषेत हा किती सोयीचा शब्द आहे. कमरेत भरते तीही चमक, बरगडीत येते तीही चमक. त्या एका शब्दाखाली मी पुढचे आठ महिने सगळं झाकून ठेवलं. कवटी जिथे मानेवर टेकते तिथे दुखायला लागलं, ते कानामागून वर चढायचं. घरचे म्हणाले, उशी चुकली असेल. हातांना मुंग्या यायला लागल्या. कारखान्यात स्क्रू हातातून निसटायला लागले. सुपरवायझर म्हणाला, ‘मावशी, डोळे तपासून घ्या.’ ब्लाऊजचे हूक मुलीकडून लावून घ्यायला लागले. जिना उतरताना पाऊल नेमकं कुठे पडतंय ते कळेना. एकदा एक चप्पल पायातून निघून रस्त्यातच राहिली आणि मी दहा पावलं तशीच चालत गेले. लघवीची एकदम घाई व्हायची, पोचेपर्यंत धीर निघायचा नाही. हे शेवटचं तर मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

या काळात मी तीन डॉक्टरांकडे गेले. एकाने मानेला पट्टा दिला. दुसऱ्याने ‘पाळी जायच्या वयात असं होतंच’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. मला आमवात आहे हे तिघांनाही दिसत होतं. माझी बोटं वाकडी झालेली होती, लपवायला जागाच नव्हती. पण बोटांचा आजार आणि मानेचं दुखणं यांची गाठ कुणी घातली नाही. मीही घातली नाही. वस्तू हातातून पडते ती बोटं वाकडी म्हणून, अडखळते ती गुडघे गेले म्हणून, असंच मी धरून चालले होते. मैत्रिणींनो, या दुखण्याची खरी लबाडी इथे आहे. नवं लक्षण जुन्या आजाराच्या पदराआड उभं राहतं, आणि जुना आजार सगळ्यांच्या सवयीचा झालेला असतो.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘मान खाली घातल्यावर नेमकं काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ मला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी ‘वीज’ म्हणाले आणि त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

नंतर जे समजून घेतलं ते सोप्या शब्दांत सांगते. आमवात हा झिजेचा आजार नाही. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, फुगतं आणि जवळची हाडं व अस्थिबंध खात जातं. हाताचे सांधे डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्याकडे बघतो. पण असंच अस्तर मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्येही असतं. पहिला मणका कड्यासारखा, त्याच्यावर कवटी बसते. दुसऱ्या मणक्याला वर आलेली एक खुंटी असते, ती त्या कड्यात बसते. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, तसं डोकं या खुंटीभोवती डावी-उजवीकडे वळतं. खुंटी जागेवर राहावी म्हणून तिच्या मागून एक आडवा, भक्कम अस्थिबंध गेलेला असतो. आमवाताने तो सैल केला, की मान खाली घातल्यावर पहिला मणका पुढे घसरतो आणि मागची जागा अरुंद होते. त्या जागेतून मज्जारज्जू जातो, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारा सगळा निरोप. त्याच्यावर दाब पडला की वीज उतरते, मुंग्या येतात, हात वेंधळे होतात, पाय जड होतात, लघवीवरचा ताबा सुटतो. दाब वाढत गेला तर हातपाय लुळे पडू शकतात. क्वचित जीवही जातो.

मोठ्या माणसात कड्याची पुढची कमान आणि खुंटी यांमध्ये फार तर तीन मिलिमीटर अंतर असतं. माझं अंतर मान खाली घातल्यावर आठ मिलिमीटर निघालं. ‘मान खाली घातल्यावर’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. सरळ बसवून काढलेल्या एक्स-रेत मणका जागेवर दिसू शकतो. माझ्या पहिल्या एक्स-रेत तसाच दिसला होता. बाजूने, एकदा हनुवटी खाली करून आणि एकदा वर करून, असे दोन एक्स-रे काढावे लागतात. शंका आली तर एमआरआय. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जेवढी मान आपण होऊन वळते तेवढीच वळवून करायचं. कुणी दाबून वळवू नये.

आता कुणी म्हणेल, हे दुर्मिळ आहे, बायांना घाबरवता कशाला? खरं आहे. मान दुखणाऱ्या शंभरातल्या बहुतेक बायांना यातलं काहीही नसतं. ज्यांना आमवात नाही त्यांनी हा लेख वाचून मानेला हात लावत बसू नये. आमवात असलेल्यांतही मानेचे मणके थोडे सरकलेले असणं तसं विशेष नाही, आणि कित्येकींना त्याचा त्रास होत नाही. मज्जारज्जू दाबला जाण्यापर्यंत गोष्ट थोड्याच जणींची जाते. बहुधा ज्यांचा आजार जुना, जोरकस आणि नीट उपचाराविना राहिलेला असतो त्यांची. पण ‘उपचाराविना राहिलेला’ म्हणजे कुणाचा, हे विचारायला नको का?

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं भिगवण. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. ४०९२ प्रौढ स्त्री-पुरुषांना विचारलं, तर शंभरातल्या अठरांना असं काही ना काही दुखणं होतं. आमवात साधारण दोनशेत एकाला निघाला. दोनशेत एक! सातपूरच्या एका वस्तीत किती दोनशे माणसं राहतात, तुम्हीच मोजा. आणि जगभर कुठेही मोजलं तरी आमवात पुरुषांपेक्षा बायांना दुपटी-तिपटीने जास्त होतो. ऐन कामाच्या, मुलंबाळं वाढवण्याच्या वयात होतो.

भिगवणची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती आकड्यांपेक्षा पद्धतीसाठी. तिथे पेशंटने दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही, दारात जाऊन विचारलं. बाई दवाखान्यात स्वतःच्या दुखण्यासाठी सगळ्यात शेवटी जाते. आधी मुलाचा ताप, मग सासऱ्यांचा दमा, मग नवऱ्याचा बीपी, आणि उरलेच पैसे तर आपले सांधे. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर तर आमच्या वस्तीत कुठल्याही सांध्याच्या दुखण्याला ‘चिकुनगुनियाचं उरलंय’ म्हणायची रीतच पडली. त्याआधी ‘बाळंतपणात वारा लागला’ म्हणत. दुखण्याला नाव मिळालं की त्याचा शोध थांबतो. आणि बाईच्या दुखण्याला घरात फार लवकर नाव मिळतं.

म्हणून म्हणते, हा बाईचा प्रश्न आहे. तिचं दुखणं तिच्या कामाइतकंच गृहीत धरलेलं असतं. दुखतंय म्हटलं तर ‘कुणाचं दुखत नाही?’ ही परतफेड ठरलेली. आणि या आजारात तर लक्षण येतं मान खाली घातल्यावर, म्हणजे ज्या अवस्थेत बाईने आयुष्य काढावं अशी अपेक्षा असते नेमकं त्याच अवस्थेत. भांडी घासताना, धुणं धुताना, कारखान्याच्या बाकावर, पाया पडताना. तक्रार केली तर ती कामाला कंटाळली असं वाटतं.

काही गोष्टी अगदी हात जोडून सांगते. आमवात असलेल्या बाईने मान मोडून घेऊ नये. ‘नस बसवून देतो’ म्हणणारा कितीही हातगुणाचा असो, सैल मणक्याला दिलेला एक झटका पुरतो. डोक्यावर हंडा, सरपण, विटांचं घमेलं नको. मला डॉक्टरांनी ‘डोक्यावर ओझं नको’ असं लिहून दिलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, ‘मग पाणी कोण भरणार?’ घरात दोन धडधाकट पुरुष होते. पाच-सहा दिवस शेजारणीने भरलं. मग मी हंडा रिकामा ठेवून दिला आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मुलगा बादली घेऊन नळावर गेला. या गोष्टीला भाषण लागलं नाही, पण औषधाइतकाच तिचा उपयोग झाला.

दुसरी गोष्ट ऑपरेशनची. गर्भाशय काढायचं असो की पित्ताशयाचं असो, पूर्ण भूल देताना श्वासाची नळी घालायला मान मागे वळवावी लागते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘मला इतक्या वर्षांपासून आमवात आहे, मानेचा एक्स-रे पाहिलात का?’ हे आधी सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं. स्वतःला बोलायचा धीर नसेल तर गटातली एक जण सोबत न्यायची.

तिसरी गोष्ट औषधांची. आमवाताला मूळ आजार आवरणारी औषधं आहेत. मेथोट्रेक्सेट हे त्यातलं जुनं आणि तुलनेने स्वस्त औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं, आणि दिवस राहू द्यायचे असतील तर डॉक्टरांना विचारून आधीच थांबवावं लागतं. हे सगळं समजावून न सांगता चिठ्ठी हातात दिली की बाया दोन महिन्यांत ‘गरम पडतं’ म्हणून सोडून देतात आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेत राहतात. मीही मध्ये दोन वर्षं हेच केलं. दुखणं कमी होतं, आजार आतून चालूच राहतो. वेळेवर आणि सलग उपचार झाले तर मानेपर्यंत जाण्याचा धोका कमी होतो. हे मला पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

आता पैशाचं आणि कामाचं बोलू. कारखान्यातल्या बाईला कामगार विमा योजनेचा आधार असतो. निदान कागदावर तरी. आजारपणाची भरपाई वर्षाला ९१ दिवस, मजुरीच्या सत्तर टक्के. त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. दीर्घ आजारांसाठी वेगळी यादी आहे, त्यांना जास्त काळ आणि ऐंशी टक्के मिळतात, पण त्याला सलग दोन वर्षं विम्याखालची नोकरी लागते. ठेकेदाराकडे काम करणारीचं नाव दर काही महिन्यांनी कापून पुन्हा नव्याने लागतं. तिची सलग दोन वर्षं कुठून भरणार? आणि त्या यादीतली गंमत पाहा. मज्जारज्जूवरचा दाब तिच्यात आहे, आमवात नाही. म्हणजे आजार मानेपर्यंत पोचून हातपाय लुळे पडायला लागले तर दीर्घ आजार. तोपर्यंत बोटं, मनगटं, गुडघे गेले तरी तो यादीबाहेर. माझं मत स्पष्ट आहे. आमवात त्या यादीत नावानिशी आला पाहिजे, आणि ठेका बदलला तरी बाईची सेवा सलग धरली पाहिजे. कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीशेजारी ही मागणी लिहावी.

आणि उपचारच नाहीत असंही नाही. सरकलेले हे दोन मणके स्क्रू आणि पट्ट्यांनी जोडण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिच्यात मोठा वाटा आपल्या मुंबईचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल यांनी डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ साली ती वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात बदल करून मांडणी केली, आणि आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. केईएम हे महापालिकेचं, गोरगरिबांचं रुग्णालय. म्हणजे ज्या राज्यातल्या सार्वजनिक रुग्णालयाने जगाला ही वाट दाखवली, त्याच राज्यात बाईला ‘मान खाली घातल्यावर काय होतं?’ एवढा प्रश्न विचारायला आठ महिने लागतात. आपल्याकडे शस्त्र आहे, शास्त्र आहे. अडतं ते ऐकून घेण्यापाशी.

माझं ऑपरेशन झालं. घरात दीर म्हणाले होते, ‘आता या वयात कशाला एवढा खर्च आणि जोखीम?’ मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. मुलीने फाइल हातात घेतली आणि गटातल्या दोघी सोबत आल्या, म्हणून झालं. वीज थांबली. पायांत जोर बराच परत आला. हातांच्या मुंग्या काही राहिल्या आहेत, त्या राहणार. जे उशिरा झालं ते सगळं भरून येत नाही. मान पहिल्यासारखी डावी-उजवीकडे वळत नाही, मागून कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागतं. कारखान्यातलं काम सुटलं. ठेकेदाराने हिशेब दिला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरी बसली. तिच्या मानेकडे कोण बघणार?

म्हणून गटांना माझी विनंती आहे. आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन तपासता, वजन करता, तसं आमवात असलेल्या बाईला एकीकडे घेऊन हे पाच प्रश्न विचारा.

१. मान खाली घातल्यावर पाठीतून किंवा हातापायांत वीज गेल्यासारखं होतं का?

२. डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाशी नवं दुखणं सुरू झालंय का? डोकं पुढे पडेल असं वाटतं का?

३. हातांना मुंग्या येतात का? हूक, बटण, सुई-दोरा पूर्वीपेक्षा जमेनासा झालाय का?

४. चालताना तोल जातो का, पाय जड वाटतात का, चप्पल निसटलेली कळत नाही का?

५. लघवीची एकदम घाई होते का, की सुरूच होत नाही?

यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्या बाईला ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. हाडांच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि मान वाकवून काढायच्या एक्स-रेचं नाव घेऊन विचारा. हातापायांची ताकद झपाट्याने कमी होत असेल किंवा लघवी अडली असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. पाचवा प्रश्न विचारायला लाजू नका. तो आपणच एकमेकींना विचारला नाही, तर दुसरं कोण विचारणार?

बैठकीत मला ‘यात बाईचा प्रश्न कुठे आला’ असं विचारणाऱ्या मैत्रिणीची आई नऊ वर्षं आमवाताने अंथरूण-घर करते आहे, हे मला मागाहून कळलं. गेल्या आठवड्यात ती आईला घेऊन आली. आम्ही दोघींनी मिळून पाचही प्रश्न विचारले. तिसऱ्यावर म्हातारी थांबली, मग म्हणाली, ‘सुई ओवता येत नाही गं, वर्ष झालं. मला वाटलं, वयानं असेल.’

सोमवारी आम्ही एक्स-रेला चाललो आहोत.